नाना नावाचं व्हॉल्यूम

सगळे मला विचारतात, एवढं फास्ट मराठी टायपिंग कुठे शिकलीस गं? मी म्हणते, असंच. पण असंच नाहीये ते. एक जाडजूड पुस्तक होतं, आधीच टाईप झालेलं, छापून, बांधून, वाटून झालेलं. ते मी परत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकटीने टाईप केलंय. का केलं ते आमच्या घरात सगळ्यांना माहितीये आणि कोणी बोलत नाही. आज मी सांगून टाकते. भरभर सांगते, कारण मध्ये थांबले तर पुढचं लिहिणार नाही, मला माहितीये माझं.

माझे वडील, त्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो, धुळ्यात एका छापखान्यात जुळारी होते. जुळारी म्हणजे शिशाच्या अक्षरांचे खिळे एकेक उचलून शब्द जुळवणारा माणूस. त्यांच्यासमोर एक तिरपी लाकडी केस असायची, तिच्यात लहान लहान खण, एका खणात एक अक्षर. जास्त लागणारी अक्षरं हाताशी, क्वचित लागणारी वरती कोपऱ्यात. नाना केसकडे बघायचे पण नाहीत. डोळे हातातल्या कागदावर, आणि उजवा हात आपला आपण चिमणीसारखा इकडून तिकडे. टिक टिक टिक. मी शाळेतून डबा घेऊन जायचे ना, तेव्हा उभी राहून फक्त तो हात बघायचे.

आता एक गोष्ट नीट सांगते, कारण पुढचं सगळं हिच्यावर आहे. जुळवलेला मजकूर चौकट घालून आवळला की तो फर्मा. तो छापून झाला की फर्मा सोडायचा. म्हणजे सगळे खिळे सुटे करायचे, पुसायचे आणि ज्या खणातला त्या खणात परत. नानांच्या लेखी काम छापून झालं म्हणजे संपत नव्हतं, खिळे घरी गेले की संपायचं. सोडायचा राहिलेला फर्मा तसाच पडलेला दिसला की ते चिडायचे. खरकटं ताट तसंच ठेवून उठल्यासारखं वाटायचं त्यांना.

आणि लग्नसराईत काय व्हायचं, चार-पाच पत्रिका एकदम जुळवून उभ्या असल्या की काने संपायचे. मराठीत प्रत्येक शब्दाला काना लागतो ना. मग नाना आतून ओरडायचे, "आबा, काने संपले! कोणती पत्रिका छापून झाली ते सांगा!" आबा म्हणजे छापखान्याचे मालक. ते बाहेरून ओरडायचे, "देवपूरवाल्यांची झाली, सोडा!" की नाना पाच मिनिटांत त्या नवरा-नवरीला सुटं करून टाकायचे आणि तेच काने दुसऱ्या नवरीच्या नावात. मी यावर खूप हसायचे.

बरं. मी जळगावला डिप्लोमा केला. पिंप्राळ्याला मावशीकडे राहायचे, आणि डिप्लोमा झाल्या झाल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात लागले. नेटवर्क जोडणं, वायरी ओढणं, मशीन उघडणं, सगळं. मुलगी स्क्रू ड्रायव्हर घेऊन आली म्हटल्यावर लोक पाणी विचारायच्या आधी "इंजिनिअर कधी येतील?" विचारायचे. मी म्हणायचे, "आले." अठ्ठ्याण्णव साल होतं ते.

त्याच वर्षी आबांनी खिळे काढले. तीन कॉम्प्युटर घेतले आणि सगळं शिसं वितळवायला देऊन टाकलं. केसा पण गेल्या. बाकीचे दोन जुळारी निघाले, एकाने रसवंती टाकली, दुसरे मुलाकडे भुसावळला गेले. राहिले फक्त नाना. मी आबांना भेटले तेव्हा ते खरं बोलले माझ्याशी. म्हणाले, "बेटा, नानांना मी जा म्हणणार नाही, आम्ही बरोबरचे आहोत. पण बसून राहिलेला माणूस स्वतःलाच खातो. तू शिकव त्यांना थोडं. दिवाळीपर्यंत बघू. जमलं तर माझ्याइतका खुश कोणी नाही."

म्हणजे दिवाळीपर्यंत नानांची जागा माझ्या हातात होती. एकवीस वर्षांच्या पोरीच्या हातात! मला तर उलट भारी वाटलं. मी म्हटलं, आबा, दिवाळीला नाना तुम्हालाच शिकवतील.

तीन कॉम्प्युटरवर फाईली वेगवेगळ्या पडायच्या, कोणती पत्रिका कुठे कोणाला सापडायची नाही. म्हणून आबांनी आमच्या दुकानातून नेटवर्कवर ठेवायची एक साठवणपेटी घेतली. तिला स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही. आत डिस्क, मागे नेटवर्कची वायर, पुढे एक दिवा. तिन्ही कॉम्प्युटरनी आपल्या फाईली तिच्यात ठेवायच्या, बस. आख्ख्या धुळ्यात तेव्हा अशी दुसरी असेल असं मला वाटत नाही. आणि ती बसवायला दुकानातून कोण जाणार? मी! मी एरंडोल, पारोळा करत दोन-अडीच तास एस.टी.त ती मांडीवर घेऊन गेले. कंडक्टर म्हणाला, "काय ताई, टीव्ही का?"

"नाही हो. यात नुसती जागा आहे."

"रिकामी पेटी इतकी जपून चालली?"

सगळी एस.टी. हसली. मी पण हसले. खूप हसायचे मी तेव्हा.

छापखान्यात गेले तर आबांनी पूजेची तयारी करून ठेवलेली. हळद, कुंकू, नारळ. मी म्हटलं, "आबा, कुंकू लावा, पण अक्षता टाकू नका हं, पंख्यात जातील." तिथे एक ऑपरेटर ताई होती, धरणगावची, तोंडाने एकदम तिखट. ती म्हणाली, "आबा, नारळ तरी बाहेर फोडा. पेटीवर फोडाल." नाना बाजूला उभे होते, हात मागे बांधून. त्यांच्या केसची जागा होती ना खिडकीजवळची, बरोबर तिथेच टेबल टाकून पेटी ठेवली होती. मुद्दाम नाही, तिथे उजेड चांगला आणि प्लग जवळ, म्हणून.

मग मी कामाला बसले. आधी डिस्कांच्या जोड्या लावल्या, म्हणजे एकीवर लिहिलं की तेच दुसरीवर आपोआप. आबांना म्हटलं, "एक डिस्क जळाली तरी एक अक्षर जाणार नाही तुमचं." केवढ्या तोऱ्यात म्हटलं! मग त्या सगळ्या जागेचे भाग पाडायचे, त्याला व्हॉल्यूम म्हणतात. प्रत्येक व्हॉल्यूमला नाव द्यायचं, किती जागा ते ठरवायचं, आणि कोणाला काय करता येईल ते ठरवायचं. कोण नुसतं बघणार, कोण लिहिणार, कोण पुसणार.

पहिलं व्हॉल्यूम केलं लग्न. त्याला निम्मी जागा, कारण पत्रिकांवर गणपती, कलश, वेलबुट्टी, चित्रांना जागा लागते. दुसरं पुस्तक. त्याला त्याहून कमी. आणि तिसरं, अगदी छोटं, नाना. कोणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं त्यांचा स्वतःचा एक खण असावा.

ऑपरेटर ताई म्हणाली, "वा, आमच्या नावाचं पण करा की."

मी म्हटलं, "तुमचं आबांच्या डोक्यात आहे ना, रोज घेतात तुमचं नाव."

नाना जवळ आले. बाहेर गिऱ्हाइकांशी ते शुद्ध बोलायचे, माझ्याशी मात्र घरच्या बोलीतच. वाकून पेटीकडे बघितलं आणि म्हणाले, "एन्हामा खिया कोठे शेतस?"

"खिळे नाहीत नाना. पण ही केसच समजा. हे तीन खण. काम करायचं आणि आपापल्या खणात ठेवायचं."

"आनि काने? काने संपनात तं?"

"काने संपतच नाहीत! कितीही मारा. बघा." मी कान्याचं बटन दाबून धरलं. स्क्रीनवर एका ओळीत काने काने काने, संपेनातच. नाना इतके हसले! असे मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. स्वतः बसले आणि त्यांनी पण एक ओळ भरून काने मारले, लहान पोरासारखे. चष्मा काढून डोळे पुसले.

आणि मग मी म्हटलं, "काने संपत नाहीत नाना. जागा संपते. जागा भरत आली की हा हिरवा दिवा पिवळा होतो. मग जागा करावी लागते."

हे मी म्हटलं. माझ्या तोंडाने.

आबांनी मला आधीच बजावलं होतं, "नानांना सध्या फक्त बघू दे. प्रूफ वाचतील, चूक दिसली तर ताईला सांगतील. हात नको लावू देऊ." मी तसंच केलं होतं. त्यांच्या नावाने लग्न आणि पुस्तक उघडायचं, वाचायचं, बस. ते करून मी त्यांनाच बसवलं, म्हटलं एक फाईल उघडा. उघडली. एका पत्रिकेत त्यांना लगेच चूक दिसली, एका आजोबांच्या नावातली वेलांटी. त्यांनी ती दुरुस्त केली, कसं ते मी आदल्या रविवारी तिथेच शिकवलं होतं, आणि सेव्ह केलं. तर मशीनने टुण्ण वाजवलं आणि पाटी आली. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. "काय म्हनस?"

मी म्हटलं, "तुम्हाला परवानगी नाही म्हणतंय."

त्यांनी कीबोर्डवरचा हात उचलला. रागाने नाही. तापलेल्या तव्याला लागल्यासारखा उचलला आणि मांडीवर ठेवला. एकतीस वर्षं आख्ख्या धुळ्याच्या वेलांट्या दुरुस्त करणारा तो हात.

मी म्हटलं, "थांबा, माझी चूक आहे, सेटिंग राहिलंय." आणि तिथल्या तिथे त्यांच्या नावापुढे सगळ्या खुणा टाकल्या. बघणं, लिहिणं, पुसणं, तिन्ही. अर्धं मिनिट लागलं. आबा बाहेर कोणाशी तरी बोलत होते. मी त्यांना सांगितलं नाही. म्हटलं नंतर सांगेन.

नानांचं मस्त चाललं होतं, खरंच. मी पंधरा दिवसांनी घरी जायचे तेव्हा आई सांगायची, रात्री झोपेत बोटं हलवतात. एकदा त्यांनी मला त्यांच्या व्हॉल्यूममध्ये काय केलंय ते दाखवलं. माझ्यासाठी एक कार्ड. वर माझं नाव, खाली "कॉम्प्युटर इंजिनिअर", बारीक दुहेरी चौकट. मी म्हटलं, "नाना, मी इंजिनिअर नाहीये, डिप्लोमा आहे."

"मंग काय व्हयनं? पेटी तर तूच बसाडी ना!"

ताई तिकडून, "नाना, तो माउस आहे, वरवंटा नाही, हळू फिरवा. आणि लेकीचं झालं असेल तर माझं पण एक कार्ड जुळवा. खाली लिहा, सहनशील."

मी म्हटलं, छापू नंतर, पुढच्या वेळेला. घाईत होते, बस पकडायची होती.

पावसाळ्यात आबांनी मोठं काम घेतलं. एका समाजाची वधू-वर सूची. प्रत्येक घराची माहिती, मुलामुलींचे फोटो, गाव, मामाचं कूळ, सगळं. दोन ऑपरेटरनी दोन महिने टाईप केलं. छापून वाटलं पण. खरी गंमत अशी की दरवर्षी तीच सूची थोडी बदलून परत काढायची, म्हणजे एकदा टाईप केलेलं कायमचं. आबा म्हणायचे, हेच माझं भांडवल. ते सगळं पुस्तक व्हॉल्यूममध्ये. फोटोंनी ते किती भरेल याचा मी विचारच केला नव्हता.

दिवाळीला तीन आठवडे होते. दुकानात आबांचा फोन आला. "तुमची पेटी बिघडली. फाईली गायब आहेत. लगेच ये."

मी पहिली बस पकडली. रस्ताभर मी खुश होते, हे सांगायला पण लाज वाटते. म्हटलं डिस्क जळाली असेल, जोडीदार डिस्क आहेच, मी नवी टाकणार आणि सगळे बघतच राहणार. पिशवीत नवी डिस्क पण घेतली होती.

गेले तर पेटी एकदम ठणठणीत. दिवा हिरवागार. आणि पुस्तक व्हॉल्यूम उघडलं तर जवळजवळ रिकामं. लग्नात पण जेमतेम सात-आठ फाईली, त्या पण फक्त येणाऱ्या तारखांच्या. मला कळेचना. डिस्क जाते तेव्हा असं निवडून निवडून जात नाही ना काही.

मग मी पेटीची नोंद उघडली. पेटी स्वतःशी एक यादी ठेवते, कोणी किती वाजता काय उघडलं, काय पुसलं. आबा माझ्या खुर्चीच्या मागे उभे होते, ताई बाजूला. नाना दारापाशी स्टुलावर बसून प्रूफ वाचत होते.

यादीत एकच नाव होतं. खालपर्यंत. नाना, नाना, नाना. आदल्या दिवशी दुपारी, एकपासून पावणेचारपर्यंत. आणि एकदम सगळं पुसलेलं नाही. एक फाईल उघडली, दोन-तीन मिनिटं बघितली, बंद केली, पुसली. मग दुसरी. उघडली, बघितली, पुसली. मला डोळ्यासमोर दिसलं. एका हातात छापून झालेल्या कामांची फाईल, बोट ठेवून ताडून बघतायत, हे छापलं? छापलं. सोडा. हे छापायचंय? मग राहू दे. पावणेतीन तास, जेवायला न उठता. ताई आणि दुसरी ऑपरेटर त्या दुपारी एका हळदीला गेल्या होत्या.

आबा म्हणाले, "काय दिसतंय?"

मी म्हटलं, "माझी चूक आहे." मी यादी बंद केली. "सेटिंगमध्ये माझ्याकडून—"

"तू काय केलंस? तू तर जळगावला होतीस."

"पेटीमुळे झालंय. मी जागा कमी दिली होती, त्यामुळे—"

खोटं नव्हतं ते. पण मी ते अशा चालीने बोलत होते की नानांचं नाव येऊ नये. आणि आबा ऐकत होते, त्यांना पटलं पण असतं. पण नाना उठून आले. चष्मा कपाळावर, चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही, उलट जरा खुशच.

"काय शोधी राह्यनात? ते मी करं." मग आबांकडे बघून शुद्ध बोलले, "दिवा पिवळा झाला होता आबा. हिनेच सांगितलं होतं, मग जागा करायची. मी सगळं सोडलं. छापलेलं तेवढंच सोडलं, बाकीच्याला हात नाही लावला. एक पण चूक नाही, बघून घ्या."

ताईने तोंडावर पदर धरला.

नानांनी माझ्याकडे बघितलं. मी रडत होते, मला थांबवता आलं नाही. मग त्यांनी आबांकडे बघितलं. मग स्क्रीनकडे. आणि मला दिसलं, त्यांना कळत गेलं. सगळं नाही, कसं ते नाही कळलं. पण काहीतरी मोठं झालंय आणि आपण केलंय, एवढं कळलं.

मी दोन तास धडपड केली. नेटवर्कवरून पुसलेलं कचरापेटीत जात नाही, कायमचं जातं. आणि जोडीदार डिस्क? तिने पण तेच केलं ना, एकीवर पुसलं की दुसरीवर आपोआप. जळण्यापासून वाचवायची व्यवस्था होती ती, पुसण्यापासून नव्हती. वेगळी नक्कल काढून ठेवायला मी कधी शिकवलंच नाही कोणाला. मलाच तेव्हा नीट कळलं.

आबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नानांजवळ गेले, खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, "नाना, आता तुम्ही घरी आराम करा. खूप केलंत." बस एवढंच.

नाना हो म्हणाले. मागच्या नळावर गेले आणि हात धुवायला लागले. पूर्वी खिळ्यांची काळी शाई आणि शिसं जावं म्हणून रोज निघताना धुवायचे ना, साबण लावून, नखं घासून घासून. आता हाताला काही नव्हतंच. कधीपासून नव्हतं. तरी ते घासत होते. मी मागे टॉवेल घेऊन उभी होते.

घरी चालत निघालो. ऊन होतं. मग ते म्हणाले, "मंग भरी गयं तं काय करतस?"

"दुसरी डिस्क आणतात नाना. मोठी."

"आनि ती भरी गई?"

"अजून एक आणतात."

ते थांबले. खरंच विचार करत होते. "म्हंजे कवयच सोडतस नही?"

"नाही. कधीच नाही."

"छापाई गयं तरी?"

"तरी."

मी म्हटलं, "नाना, चूक माझी आहे. मीच म्हटलं होतं ही केस समजा." ते म्हणाले, "तू बरोबर सांगं माय. मना डोकामा नही उतरनं." ऐकवलं नाही मला ते. शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं.

आबांना मी परवानगीचं खरं सांगितलं. ते नुसतं "हं" म्हणाले. मग मी म्हटलं, सूची मी टाईप करून देते, छापलेल्या पुस्तकावरून, रविवारी येऊन. त्यांनी नको म्हटलं नाही.

दर रविवारी सकाळी जळगावहून निघायचे, छापखान्यात बसायचे, संध्याकाळच्या बसने परत. पहिल्या रविवारी चार पानं झाली. मग सहा. मग दहा. हळूहळू बोटं आपली आपण जायला लागली, मी पुस्तकाकडेच बघायचे, कीबोर्डकडे नाही. एकदा ताई म्हणाली, "नानांसारखा हात चालतो गं तुझा." मी उठून बाहेर गेले.

दुपारी नाना डबा घेऊन यायचे. आईने दिलेली कळण्याची भाकरी, ठेचा. दारापर्यंत यायचे. आत नाही यायचे. मी म्हणायचे, "नाना, या ना, मी वाचते ते ताडून बघा, माझ्या वेलांट्या चुकतात." ते पायरीवर डबा ठेवायचे, म्हणायचे, "जेवी ले, गार व्हई जाई," आणि जायचे. एकतीस वर्षं आधी आईने आणि मग मी त्या पायरीवरून त्यांना आत डबा दिला. आता ते मला देत होते आणि पायरी चढत नव्हते.

सूची पुरी व्हायला होळी उलटून गेली. शेवटचं पान झालं त्या दिवशी मी नव्या डिस्कवर पुस्तकाचं व्हॉल्यूम मोठं केलं, वेगळी नक्कल काढायची पद्धत लावली, ताईला ती तीनदा करून दाखवायला लावली. आबा खुश झाले. पेढे आणले. मग जाताना म्हणाले, अगदी सहज, "ते नानांच्या नावाचं आता काढून टाक बेटा. उगाच जागा अडतेय."

मी हो म्हटलं. काढायच्या आधी उघडलं. मला ते कार्ड हवं होतं. माझ्या नावाचं, दुहेरी चौकटीचं, चुकीच्या पदवीचं. म्हटलं तेवढं एक छापून घेते, नानांना नेऊन दाखवते.

आत काहीच नव्हतं.

मी त्या दुपारची नोंद परत काढली. तेव्हा मी फक्त पुस्तक आणि लग्न बघितलं होतं, या छोट्या व्हॉल्यूमकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. एक वाजून दोन मिनिटांनी, सगळ्यात पहिली फाईल, माझं कार्ड. उघडलेलं. इतर फाईली दोन-तीन मिनिटं उघड्या होत्या ना, ही अकरा मिनिटं. मग पुसलेली.

पहिल्यांदा त्यांनी स्वतःचा खण रिकामा केला होता. मग दुसऱ्यांच्या कामाला हात लावला होता.

ते कार्ड छापलेलं नव्हतं. नानांनी न छापलेलं सोडलेलं ते एकच.

मी व्हॉल्यूम काढून टाकलं. बाहेर आले तर पायरीवर डबा होता, आणि नाना गल्लीच्या टोकाला वळत होते. मी हाक मारली नाही.